पाऊण वाटी म्हणजे किती?

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले, की मुलांना अपूर्णांक शिकवायचे असतील तर आधी हातात वाटी द्या, वही नंतर. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाईने असं लिहावं याचं काहींना नवल वाटलं, काहींना ते पटलं आणि दोघा-तिघांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. पत्रं पुष्कळ आहेत आणि जागा थोडी, म्हणून निवडक पत्रांनाच उत्तरं देते. ज्यांची राहिली त्यांनी राग मानू नये.

प्रश्न : बाई, नमस्कार. माझी मुलगी दहा वर्षांची आहे. तुम्ही लिहिण्याच्या आधीपासूनच मी तिला स्वयंपाकात घेते. पाव, अर्धा, पाऊण सगळं तिला बिनचूक येतं. चार माणसांचं प्रमाण सहा माणसांसाठी ती तोंडी करून देते. पण परवाच्या चाचणीत दोन तृतीयांश गुणिले तीन चतुर्थांश आलं आणि तिने पान कोरं सोडलं. मग या सगळ्या खटाटोपाचा उपयोग काय? (एक आई)

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण तुम्ही नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. ओट्यावर मोजता आलं की वहीतलं गणित आपोआप येतं असा एक गोड समज आहे. बरीच वर्षं माझाही होता. तसं होत नाही.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्हा न्युनेस कराहेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास केला, तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. मुलं नऊ ते पंधरा वर्षांची. संशोधक गिऱ्हाईक होऊन गेले आणि त्यांनी हिशेब विचारले. शंभरातली ९८ उत्तरं बरोबर आली. मग त्याच आकड्यांची शाब्दिक उदाहरणं दिली, तर बरोबर उत्तरं शंभरात ७४ वर आली. आणि नुसते आकडे कागदावर मांडून दिले तेव्हा उरली ३७. एका मुलाला दहा नारळांचे किती असं विचारलं. एक नारळ ३५ चा. तो म्हणाला, तिनांचे १०५, आणखी तिनांचे मिळून २१०, अजून चार हवेत, म्हणजे ३१५... ३५०. दहाने गुणायचं तर शून्य द्यावं, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. एकाने चार नारळांचे १४० अचूक सांगितले होते, पण कागदावर ३५ गुणिले ४ करताना उत्तर लिहिलं २००. चार पंचे वीस, हातचे दोन. तीन आणि दोन पाच, पाच चोक वीस. हातचा आधी मिळवला आणि मग गुणलं. ही चूक मी वर्गात इतक्या वेळा पाहिली आहे, की वाचताना मला त्या मुलाचं अक्षरसुद्धा डोळ्यांपुढे आलं. नारळ समोर असताना चार नारळांचे २०० तो कधीच म्हणाला नसता. कागदावर मात्र ३५ हे ३५ राहिलेच नाहीत, नुसते तीन आणि पाच झाले.

२०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो हे अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं असंच काम आलं. दिल्ली आणि कोलकात्यातल्या बाजारात काम करणारी मुलं मनातल्या मनात दोन-तीन पायऱ्यांचे हिशेब करत होती, पण शाळेच्या पद्धतीचं गणित समोर ठेवलं की अडत होती. आणि शाळेत कागदावरचं गणित जमणारी मुलं बाजारातल्या हिशेबात अडत होती. म्हणजे अडचण दोन्ही बाजूंनी आहे. दोन खोल्या आहेत आणि मधे दार नाही. ते आपल्याला पाडावं लागतं.

तुमच्या मुलीच्या चाचणीतलं उदाहरण वाचून मला हसू आलं, कारण तेच उदाहरण या विषयात फार प्रसिद्ध आहे. जीन लेव्ह या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी सांगितलेला किस्सा आहे. वजन कमी करू पाहणाऱ्या एका गृहस्थांना दोन तृतीयांश कप कॉटेज चीजच्या तीन चतुर्थांश एवढंच खायचं होतं. ते थोडा वेळ पुटपुटले, कॉलेजात आपण वरचं गणित शिकलोय असंही म्हणाले. मग एकदम सुचलं. त्यांनी दोन तृतीयांश कप भरून चीज पाटावर पालथं केलं, थापून गोल केलं, त्यावर अधिकचं चिन्ह काढलं, एक चतकोर बाजूला सारला आणि उरलेलं घेतलं. बरोबर! गुणाकार न करता गुणाकार झाला.

लोक हा किस्सा इथेच थांबवतात आणि शाळेवर टीका करतात. मी थांबत नाही. दोन तृतीयांशाचे तीन चतुर्थांश म्हणजे बरोब्बर अर्धा. त्या गृहस्थांना अर्धा कप भरून घेता आला असता, पाट खरकटा न करता! हे दाखवतो कागद. ओटा उत्तर देतो, पण दर वेळी नव्याने थापायला लावतो. कागद एकदाच सांगतो आणि मग ते कायमचं कळतं.

तर करायचं एवढंच. पुढच्या खेपेला मुलीला पीठ किंवा भात घेऊन हेच करायला सांगा. दोन तृतीयांश कप भरू दे, थापू दे, चार भाग करू दे, एक काढू दे. उरलेलं तिने परत कपात भरायचं. अर्ध्याच्या रेघेला लागलेलं पाहून ती चमकेल. चमकली की लगेच, हात पिठाचे असले तरी चालतील, एका कागदावर आयत काढायचा. उभ्या दोन रेघांनी तीन भाग, त्यातले दोन रंगवायचे. मग आडव्या तीन रेघांनी चार भाग. एकूण घरं बारा. रंगवलेल्या आठांपैकी तीन ओळींतली म्हणजे सहा. बारातले सहा. शेवटी त्याखाली ते उदाहरण लिहायचं, शाळेत लिहितात तसंच. हाताने केलेलं, चित्रातलं आणि चिन्हांतलं, तिन्ही एकाच कागदावर आणि एकाच संध्याकाळी. आठवड्यातून एकदा पुरे. माझ्याकडे अशा कागदांची एक जुनी फाईल आहे, त्यातल्या निम्म्यांवर तेलाचे डाग आहेत.

प्रश्न : स. न. वि. वि. आमच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी पाठ केली. माझ्या नातवाला तीन चतुर्थांश लिहिता येतं, पण पाऊण म्हटलं की तो माझ्या तोंडाकडे बघतो. पावणेतीन तो ३.७५ लिहितो. त्याच्याकडून जुने पाढे पाठ करून घ्यावेत का? (एक आजोबा)

उत्तर : पाढे पाठ करायला लावू नयेत असं माझं मत. मीही ते म्हटले आहेत, पाऊणकीशी अडखळत. औटकी तर मला आजही येत नाही, हे कबूल करून टाकते. (औट म्हणजे साडेतीन, तरुण वाचकांसाठी.) पाढे गेले तर जाऊ द्या, यंत्रं आहेत. पण शब्द जाऊ देऊ नका, आजोबा. एवढे नेटके शब्द फुकट मिळाले आहेत आणि मुलं 'झीरो पॉइंट सेव्हन फाइव्ह' म्हणत बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

नातवाच्या पावणेतीनमध्ये चूक आहे ती अगदी समजण्यासारखी. त्याला 'तीन' ऐकू येतं आणि 'पाऊण' ऐकू येतं, तो दोन्ही मिळवून टाकतो. त्या शब्दाच्या पोटात वजाबाकी लपलेली आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. पावणेतीन म्हणजे तीन व्हायला पाव कमी. एकोणतीस म्हणजे तीस व्हायला एक कमी, तीच चाल. हे त्याला पाण्याने दाखवा. तीन पेले भरून ठेवा आणि तिसऱ्यातलं पाव ओतून घ्या. पेल्यावर आधी चार खुणा करायला विसरू नका, नाहीतर पाव किती यावरच भांडण होईल.

खरी गंमत सव्वाची आहे. सव्वा किलो म्हणजे १२५० ग्रॅम, सव्वा तास म्हणजे ७५ मिनिटं, सव्वाशे म्हणजे १२५. शब्द एकच आणि आकडे तीन, म्हणून मुलं गोंधळतात. हा गोंधळ मला फार आवडतो, कारण त्यातून 'कशाचा पाव?' हा प्रश्न निघतो आणि अपूर्णांकाचं अर्धं शास्त्र त्या प्रश्नात आहे. सव्वादोन म्हणताना वरचा पाव एकाचा असतो, म्हणून सव्वादोन म्हणजे २.२५. पण दोनाची सव्वापट केली तर पाव दोनाचा, उत्तर अडीच. आणि सव्वाशेतला पाव शंभराचा. नाहीतर सव्वाशे म्हणजे शंभर पूर्णांक पाव झाले असते! हे तुमच्या नातवाला सांगू नका, विचारा. वर्गात यावर दोन तास वाद चाललेला मी ऐकला आहे.

घरात स्वयंपाकाचा वजनकाटा असेल तर एक खेळ सांगते. तुम्ही म्हणायचं, 'पाऊणशे ग्रॅम साखर'. त्याने आधी कागदावर आकडा लिहायचा आणि मग काट्यावर तेवढी साखर घ्यायची. पुढचं 'पाऊण किलो पीठ'. ७५ आणि ७५० यातला फरक एकदा मनगटाला कळला, की डोकं विसरत नाही. मग 'दीडशे', 'अडीचशे', 'पावणेदोनशे'. नंतर उलट खेळायचं. तो काट्यावर काहीही ठेवेल आणि तुम्ही शब्दात सांगायचं. मुद्दाम एखादं चुका. पकडण्यात त्याला जो आनंद होईल तो कुठल्याच पाढ्यात नाही.

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. इतक्या लहानाला स्वयंपाकघरात काय शिकवणार? सुरी-विस्तवाची भीती वाटते. (एक आई)

उत्तर : सुरी आणि विस्तव या वयात नकोच, त्यांची गरजही नाही. त्याला चमचे मांडायला सांगा. जेवायला पाच जण, तर किती चमचे? तो खणापासून टेबलापर्यंत एकेक चमचा घेऊन पाच खेपा घालेल. घालू द्या. प्रत्येक ताटाला एक चमचा, ही जोडी लावणं हेच त्याचं गणित. एके दिवशी तो खणाशीच उभा राहून पाच मोजेल आणि एकदम घेऊन येईल. त्या दिवशी मला पत्र लिहा.

एक प्रयोग करून बघा. सारख्या दोन पेल्यांत सारखं पाणी घ्या, मग त्यातलं एक त्याच्यासमोर उंच, अरुंद बाटलीत ओता. जास्त कुठे आहे विचारलंत तर तो बहुतेक बाटलीकडे बोट दाखवेल. झाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाने हे दाखवलं त्याला कित्येक दशकं झाली. साधारण सात वर्षांच्या आसपास मुलांना कळू लागतं की ओतल्याने पाणी वाढत नाही. तोवर तुम्ही कितीही समजावलंत तरी त्याला ते पटणार नाही, आणि समजावूही नका. ओतू द्या. मोरीत बसवलंत तर पुसण्याचा त्रासही वाचेल.

प्रश्न : आम्ही उत्साहाने मुलाला, वय अकरा, सामान आणायला नेऊ लागलो. प्रत्येक वस्तूचा हिशेब करता करता अर्ध्या तासाच्या कामाला दोन तास लागतात, बायको वैतागते, मुलगा कंटाळतो. शिवाय पैसे फोनवरून जातात, त्यामुळे सुट्ट्या पैशांचा हिशेबही उरलेला नाही. काय करावं? (एक बाबा)

उत्तर : तुमची पत्नी वैतागते यात नवल नाही. प्रत्येक वस्तूचा हिशेब कोण करतं? मी गणिताची बाई असून करत नाही. एका खेपेला एकच प्रश्न घेऊन जा, आणि तो घरून निघतानाच ठरवा.

एखाद्या खेपेला नुसता अंदाज. यादी त्याच्या हातात द्या, प्रत्येक किंमत जवळच्या दहावर आणून तो मनात बेरीज करेल आणि बिल यायच्या आधी आकडा सांगेल. तुम्हीही सांगा. जो जवळ त्याने पिशवी उचलायची नाही. फोनवरून पैसे गेले तरी या खेळाला काही अडत नाही. उलट रक्कम डोळ्यांना न दिसता जाते, म्हणून आधी आकडा बोलण्याची गरज जास्तच. दोन-चार महिन्यांत बिलातली एखादी चूक तो उभ्या उभ्या पकडेल. माझ्या मुलीने पकडली होती, एकच वस्तू दोनदा लागली होती. तिच्या चेहऱ्यावरचा तो भाव बक्षीस समारंभातही मला कधी दिसला नाही.

दुसऱ्या खेपेला मोठं पाकीट की लहान. मोठं दुप्पट वजनाचं आणि किंमत दीडपट, तर घ्यावं. दुप्पट वजन आणि किंमत दुपटीहून जास्त, असंही कधी कधी सापडतं, आणि ते सापडलं की मुलं हरखतात. इथे भागाकार करायची फारशी गरजच नसते, पटीत बोललं की झालं. मात्र एक प्रश्न जरूर विचारा : मोठं स्वस्त आहे, पण संपेल का? अर्धं टाकून द्यावं लागलं तर स्वस्त कुठलं?

अकरा वर्षांच्या मुलाला खरी मजा येईल ती सवलतींत. 'त्याच किमतीत २० टक्के जास्त' आणि 'किमतीत २० टक्के सूट', यांतलं चांगलं कोणतं? मोठी माणसंही सारखंच म्हणतात. मांडून बघा. २० टक्के जास्त म्हणजे पाच भागांचे पैसे देऊन सहा भाग घेतले. एक भाग फुकट, पण तो सहांतला एक, म्हणजे १६ पूर्णांक दोन तृतीयांश टक्के. सूट खरी २० टक्के, पाचातला एक. तेव्हा सूट बरी. 'दोनावर एक फुकट' ही तीनातला एक, म्हणजे ३३ टक्क्यांच्या वर थोडीशी. आणि '५० टक्के सूट, त्यावर आणखी २० टक्के' हे ७० नव्हे, ६० टक्के. दुसरे २० उरलेल्या अर्ध्याचे असतात. पुन्हा तोच आजोबांचा प्रश्न : कशाचा?

घरी आल्यावर, पण लगेच नको, एक गोष्ट काट्यावर ठेवून बघा. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. एक लिटर तेल किती भरेल? आधी त्याला पैज लावू द्या. ते ९१०-९२० ग्रॅमच्या आसपास भरेल. मिलिलिटर आणि ग्रॅम एकच, असं मुलं धरून चालतात, कारण पाण्याने त्यांची तशी समजूत करून दिलेली असते. २५० मिलीचा कप घेतलात तर पाणी अडीचशे ग्रॅम, साखर दोनशेच्या थोडी वर आणि मैदा सव्वाशे ते दीडशेच्या मधे. मैदा दाबून भरलात तर आणखी. म्हणून कुणी 'एक कप' म्हणालं की मी विचारते, कसा भरलेला?

आणि डब्यामागचा तक्ता. तेरा-चौदाच्या मुलांसाठी तो खजिना आहे. समजा ३३० मिलीच्या गोड पेयावर '१०० मिलीत ११ ग्रॅम साखर' असं लिहिलंय. अकरा हा आकडा निरुपद्रवी दिसतो. पण पूर्ण बाटलीत ३६ ग्रॅम झाली आणि सपाट चहाचा चमचा साखर म्हणजे साधारण चार ग्रॅम. नऊ चमचे मोजून वाटीत काढायला लावा आणि वाटी बाटलीशेजारी ठेवा. मी उपदेश करत नाही, पेय प्यावं की नाही ते त्याचं तो बघेल.

प्रश्न : माझ्या तेरा वर्षांच्या भाच्याने केक करायचं मनावर घेतलं. कृती २० सेंटिमीटर व्यासाच्या गोल भांड्याची होती, आमच्याकडे २५ सेंटिमीटरचं आहे. पठ्ठ्याने हिशेब केला, २५ म्हणजे २० ची सव्वापट, आणि सगळं सव्वापट घेतलं. केक पोळीसारखा चपटा झाला. हिशेब तर बरोबर होता ना? (एक मावशी)

उत्तर : मावशी, या पत्राने माझा आठवडा सोन्याचा केला. भाच्याला शाबासकी द्या. त्याचा हिशेब बरोबर आहे, फक्त तो रेघेचा आहे, आणि केक पसरतो पृष्ठभागावर. भांडं रुंदीला सव्वापट झालं, पण ते लांबीलाही सव्वापट झालं. सव्वाची सव्वापट म्हणजे दीडपटीहून थोडं जास्त. २० चा वर्ग ४००, २५ चा ६२५. चारशेला सव्वासहाशे, म्हणजे १.५६ पट. वर्तुळाच्या सूत्रातला पाय (π) इथे लागत नाही, तो दोन्हीकडे सारखाच असल्याने कटतो.

पण हे सूत्र सांगण्याआधी त्याला पाणी ओतायला लावा. लहान भांडं नसेल तर २० सेंटिमीटरचा कुठलाही उभ्या काठाचा डबा चालेल. त्यात तीन सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी भरायचं आणि मोठ्या भांड्यात ओतायचं. आधी त्याने भांड्याच्या काठावर पेनाने खूण करून सांगायचं, कुठवर येईल. पाणी दोन सेंटिमीटरलाही जेमतेम पोचतं. केक चपटा का झाला, ते तिथेच त्याला दिसेल. त्यानंतर वर्ग, गुणोत्तर, काय हवं ते सांगा. तो ऐकेल, कारण आता त्याचा केक त्यात अडकला आहे.

पुढच्या वेळी तीन अंडी असतील तर १.५६ पटीने ४.७ अंडी होतात. त्याला पॉइंट सात अंडं कसं आणायचं ते ठरवू द्या. पाच सरळ घेतली तरी चालतं. अगदी काटेकोर व्हायचं असेल तर पाचवं फेटून त्यातलं पाऊणएक भाग घ्यायचं. टरफलाशिवाय मध्यम अंडं साधारण ५० ग्रॅमचं, म्हणजे ३५ ग्रॅम. एक गोष्ट मात्र पटीत वाढवू नये, भाजण्याचा वेळ. थर तेवढ्याच जाडीचा असेल तर वेळही जवळपास तेवढाच लागतो. पहिल्यांदा दुप्पट प्रमाण केलं तेव्हा मी वेळही दुप्पट केली होती. काय झालं ते विचारू नका. सगळंच पटीत वाढत नाही, हे शाळेतल्या त्रैराशिकात कुणी सांगत नाही, कारण तिथे सगळी उदाहरणं पटीत वाढणारीच निवडलेली असतात.

प्रश्न : बाई, रागावू नका, पण मुलांना जरा मोकळं सोडा की! खेळताना शिक्षण, जेवताना शिक्षण, आता कांदे आणतानाही गणित. माझ्या आईने मला स्वयंपाक शिकवला तेव्हा एकही प्रश्न विचारला नव्हता. (एक वाचक)

उत्तर : रागावत नाही. तुमचं बरंचसं बरोबर आहे आणि मी त्याची किंमत मोजली आहे.

माझी मुलगी नऊ वर्षांची असताना आम्ही लिंबाचं सरबत करायला बसलो. एका लिंबाला तीन चमचे साखर, तर पाच लिंबांना किती? सांगितलं. चवीला आंबट लागलं तर गुणोत्तर कसं बदलशील? सांगितलं. पाणी दुप्पट केलं तर साखरेचं प्रमाण किती टक्के होईल? ती माझ्याकडे बघत राहिली, हातातला चमचा ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, 'आई, मला तहान लागली होती.' नि साधं पाणी पिऊन खेळायला गेली. त्यानंतर कित्येक महिने मी स्वयंपाकघरात असले की ती आत यायचीच नाही. माझ्याकडे शिकवणीला येणारी मुलं मात्र माझं फार कौतुक करायची.

तेव्हापासून एका पदार्थाला एकच प्रश्न असा माझा दंडक आहे, आणि तोही खरा असेल तरच. खरा म्हणजे ज्याचं उत्तर मला हवंय असा. 'भात चौघांना पुरेल का?' हा खरा प्रश्न. 'चार गुणिले पाऊण किती?' हा परीक्षेचा, त्याचं उत्तर मला आधीच ठाऊक आहे आणि पोरांना ते लगेच कळतं. तुमच्या आईने प्रश्न विचारले नसतील, पण 'जरा बघ गं, पुरेल का' असं म्हणाली असेलच, आणि तुम्ही डब्यात डोकावून अंदाज केला असेल. मला तेवढंच हवंय.

आणि काही दिवस तेही नको. परवा नात आली होती, सात वर्षांची. कणीक मळायला बसली, पाणी घातलं, जास्त झालं, पीठ घातलं, घट्ट झालं, पुन्हा पाणी. दोघींना पुरेल एवढ्याची आठ जणांना पुरेल एवढी झाली. माझ्या तोंडाशी तीन प्रश्न आले होते. गिळले. ओटा पुसायला अर्धा तास लागला, तो मात्र मी घड्याळ लावून मोजला.